तिनं लावलेले अकरा डबे

डबे आता रिकामे आहेत. पत्र्याचे अकरा डबे, बेकरीवाल्याकडून एकेक करून आणलेले. झाकण उघडलं की अजून वास येतो. वाळलेल्या कडुनिंबाचा, कापराचा, आणि त्याच्या खाली जुन्या फिल्मचा एक आंबूस वास. ताक दोन दिवस विसरून राहिलं की येतो तसला. मी रोज एक डबा उघडतो, वास घेतो आणि झाकण लावतो. त्यांच्यात दुसरं काही करण्यासारखं उरलेलं नाही. आतलं सगळं मीच बाहेर काढलं. नीट लावायला म्हणून काढलं.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. मला फिरवून फिरवून सांगता येत नाही. जसं झालं तसं लिहितो.

चाकणच्या पेठेत मागच्या गल्लीत आमचा फोटो स्टुडिओ होता. पुढं दुकान, मागं दोन खोल्या, त्याच्या मागं ओसरी आणि न्हाणी. अजून तिथंच राहतो. दुकानाचं शटर बंद असतं. हमरस्त्यावरनं कंपन्यांचे कंटेनर जातात तेव्हा ते थरथरतं, आणि मला उगाच वाटतं कुणीतरी हाक मारतंय. मोबाइल आले आणि आमचा धंदा संपला. त्यावर काय बोलायचं!

आमची ही मागच्या पावसाळ्यात गेली. कशानं गेली ते लिहीत नाही. येत्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे.

भिंतीवर तिचा फोटो लावलाय तो आधार कार्डावरनं मोठा करून घेतलेला. त्यात ती चोरी पकडल्यासारखी बघते. डोळे मोठे, ओठ घट्ट, पदर कुणीतरी ओढून सरळ केलेला. ती अशी नव्हती. मी या पट्ट्यातल्या निम्म्या लोकांची लग्नं काढली. खेडपासून मोशीपर्यंत कुणाच्याही घरी जा, भिंतीवर माझ्या हातचं एखादं जोडपं टांगलेलं असतंय. आणि बायकोचा एक धड फोटो माझ्या घरात नाही. लोक हसतात. हसू द्या.

एक होता. तो कागदावरचा नव्हता, स्लाइड होती.

माहीत नसेल त्याला सांगतो. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. स्लाइड तशी नसते. ती सरळ असते, रंग जसेच्या तसे, पुठ्ठ्याच्या छोट्या चौकटीत बसवलेली, पोस्टाच्या तिकिटापेक्षा जराशी मोठी. उजेडासमोर धरली की आतलं माणूस जिवंत दिसतं. चाकणला नवीन नवीन कंपन्या आल्या तेव्हा त्यांचे साहेब लोक मशीनींच्या स्लाइडी काढून घ्यायचे, मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवायला. तसलं एक काम माझ्याकडं आलं होतं. रोलमधल्या छत्तीसपैकी पस्तीस मशीनीच्या निघाल्या. एक उरली. घरी आलो तर ही मागच्या ओसरीवर डबे उघडून बसलेली, नुकतीच न्हालेली, चिंतामणी रंगाचं लुगडं, मांडीवर एक डबा.

"अगं, इकडं बघ."

"आत्ता? केस वले हायत माझे."

"एक उरलाय. वाया जाईल."

"मंग त्या मशीनीचाच घ्या की आणखी एक. माझ्यापरीस ती बरी दिसत आसंल."

स्वतःच्याच बोलण्यावर ती हसली, डोकं मागं टाकून, आणि मी दाबलं.

रोल धुवायला मुंबईला जायचा. परत आला तेव्हा साहेबांच्या पस्तीस साहेबांना दिल्या आणि छत्तिसावी तिच्या हातात ठेवली. तिनं ती उन्हाकडं धरली. एक डोळा मिटून किती तरी वेळ बघत राहिली.

"मी अशी दिसती व्हय?"

"न्हाई, ती मशीन हाय," मी म्हणालो.

त्यावर ती हसली नाही. संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "ठिवलाय जाग्यावर." कुठली जागा, हे मी विचारलं नाही. तिनं ठेवलेलं सापडायचंच, मग विचारायचं कशाला?

तिचं ठेवणं असंच होतं. सुरुवातीला निगेटिव्ह मीच ठेवायचो, रोलच्या रिकाम्या खोक्यात, वर शाईनं नाव आणि तारीख. दोन पावसाळ्यांत शाई पसरली आणि खोक्यांना वाळवी लागली. तेव्हा तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं. "तुमचं तुमी फोटू काढा. ठिवायचं माझं मी बघती."

ती जेमतेम दुसरी शिकलेली. पण निगेटिव्ह तिला दुसऱ्या बाईला तांदूळ निवडता यावेत तसं वाचता यायचं. जुन्या कॅलेंडरची पानं कापून ती पाकिटं करायची, कणकेची खळ लावून. आत बटर पेपर, त्यात फिल्मची पट्टी. पट्टी वाकू नये म्हणून बऱ्याच पाकिटांत मागनं पुठ्ठा घालायची. पाकीट फाटलं तर टाकून द्यायची नाही, सुईदोऱ्यानं टाके घालायची. तांदूळ भाजून त्याच्या फडक्यात पुरचुंड्या बांधायची आणि प्रत्येक डब्यात दोन दोन ठेवायची, ओल शोषून घ्यायला. कडेनं कडुनिंबाचा पाला.

आणि पाकिटावर ती चित्रं काढायची. लेकीच्या शाळेच्या रंगीत पेन्सिलींनी. एकावर पिंपळाचं पान, एकावर घंटा, कुठं विहिरीचं गोल, कुठं बैलाची शिंगं, कुठं नुसत्या तीन उभ्या रेघा. मी चिडवायचो.

"स्टुडिओ हाय का बालवाडी?"

"मला लिवता येत न्हाई म्हणून हसताय व्हय? तुमी लिवलेलं तुमाला तरी वाचाय येतंय का?"

वैशाखात ती वर्षातनं एकदा सगळे डबे ओसरीवर आणायची. बाहेर अंगणात पापड उन्हात आणि आत निगेटिव्ह सावलीत. दोन्हीवर तिचं लक्ष. वारा आला की तिकडनं पापडावर धडपा टाक, इकडं पट्ट्यांवर परात पालथी घाल. पुरचुंड्यांमधले तांदूळ परत भाजायची. घरभर भाजक्या तांदळाचा वास, त्यात माझ्या डार्करूममधल्या हायपोचा, फोटो पक्का करायच्या औषधाचा, उग्र वास मिसळलेला. फोटो धुवायलाही तीच असायची, त्यामुळं तिच्या बोटांची टोकं कायम तपकिरी. शेजारणी विचारायच्या, मेंदी उतरत कशी नाही गं तुझी? ती म्हणायची, माझ्या नवऱ्यानं पक्की लावलीय.

पट्ट्या पुसताना ती एकेक उजेडाला धरायची आणि आपल्याशीच बोलायची. "आली का गं तू? बरं हाय ना सासरी?" निगेटिव्हमधली नवरी म्हणजे काळा चेहरा, पांढरे केस, काळे दात. मला सगळ्या सारख्याच दिसायच्या. भुताची जत्रा नुसती. हिला प्रत्येकीची ओळख.

गिऱ्हाईक यायचं. म्हणायचं, आमच्या लग्नाचा एक फोटो पुन्हा काढून पाहिजे. मी त्याला आत हिच्याकडं पाठवायचो. चहा उकळेस्तोवर ती पट्टी घेऊन बाहेर. दरवेळी. मी दुकानात बसून रुबाबात म्हणायचो, आमच्याकडं सगळं व्यवस्थित असतं. काय व्यवस्थित आणि कसं व्यवस्थित, ते मला ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढी वर्षं एका छपराखाली काढली, पण हे एक विचारायचं राहिलं.

ती गेल्यावर लेक म्हणाली, "अण्णा, नुसते बसून राहू नका. आईच्या डब्यांतलं सगळं आपण स्कॅन करू." लेक तळवड्याला कामाला आहे, जावई हिंजवडीला. दोघं कामाच्या रगाड्यात असतात, पण लेक माझी काळजी करते. तिनं प्लास्टिकच्या कप्प्यांची फोल्डरं आणून दिली. "सालाप्रमाणं लावून ठेवा म्हणजे सोपं पडेल. आईची ती स्लाइड पण सापडेल त्यात. वर्षश्राद्धाला तोच फोटो मोठा करून लावू."

मला बरं वाटलं. हाताला काम मिळालं. थंडीचे दिवस होते. सकाळी बंब पेटवायचा, अंघोळ करायची आणि ओसरीवर डबा घेऊन बसायचं. पाकीट उघडायचं, पट्टी काढायची, उजेडाला धरायची, सालाचा अंदाज घ्यायचा आणि कप्प्यात सरकवायची. तारखा कुठं होत्या? मी बाह्यांवरून साल ओळखायचो. कोपरापर्यंतच्या पोलक्याच्या बाह्या जुन्या. मग आखूड झाल्या. मग फुग्याच्या बाह्या आल्या, तो काळ सगळा फुग्याचाच. नवऱ्याच्या कानांवर केस असले की एक काळ, कान मोकळे झाले की दुसरा. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तरी मी ते केलं. पंधरा-वीस दिवसांत अकरा डबे मोकळे झाले आणि फोल्डरं भरली. वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी जागच्या जागी ठेवलं.

स्लाइड काही निघाली नाही. म्हणालो, असेल दुसरीकडं, ट्रंकेत, देवघरात. निघेल.

पाकिटांचा पोतंभर कागद झाला. फाटकी, खळीला झुरळं लागलेली, पोरकट चित्रांची पाकिटं. आमच्या न्हाणीत तांब्याचा बंब आहे. लेकीनं गिझर बसवून दिलाय, पण मला बंबाचंच पाणी लागतं. रोज सकाळी त्या पोत्यातली दोन-तीन ओंजळी पाकिटं बंबात घालायचो. बटर पेपर छान पेटतो. पोतं आठवडाभर पुरलं.

वैशाखात एक बाई आली. साठीची असेल. शटर बंद बघून मागच्या दारानं आली आणि ओसरीच्या पायरीवर उभी राहिली.

"फोटूवाले दादा, वळखलं का? म्हाळुंग्यास्नं आले. वहिनी हायत का घरात?"

"न्हाईत."

"मंग कवा येतील? थांबते मी."

"गेली ती. वरीस व्हत आलं."

बाई खाली बसली. पदर तोंडाला लावला. तिला पाणी द्यायला पाहिजे हे मला उशिरा सुचलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "माझ्या लग्नातला एक फोटू पायजे व्हता. माझा बाप हाय त्यात, मला वाटी लावताना, सासरी धाडताना रडतोय. दुसरा फोटूच न्हाई त्याचा. मागं वहिनींनी दिला व्हता काढून, तो घराच्या पाडापाडीत गेला."

"देतो की," मी म्हणालो. फोल्डरं आणून तिच्यापुढं ठेवली. मला त्यांचा अभिमान वाटत होता. "लग्नाचं साल सांगा फक्त."

"साल? आता साल कुठलं ठावं, दादा?"

"नाव काय लावता?"

"आत्ता लावते ते का लग्नाआधीचं? का लग्नात ठिवलेलं? सासूनं तर तिसरंच पाडलं." ती जराशी हसली. "वहिनींनी न्हाई बाई असलं काय इचारलं."

"मंग काय विचारलं?"

"माह्यार कुठलं, एवढंच. म्या म्हनलं कडूस. तर लगेच आत जाऊन पिंपळाच्या पानाचं पाकीट घेऊन आल्या. आमच्या वेशीवर पिंपळ हाय नव्हं का, त्यो काढलेला त्यांनी. मला म्हनल्या, बाईचं नाव बदलतं, गाव बदलतं, साल तर तिच्या ध्यानातच ऱ्हात न्हाई. पर माह्यार काय बदलत न्हाई. म्हनून म्या सगळ्या पोरींना त्यांच्या त्यांच्या माह्यारीच ठिवलंय."

अंगणात ऊन होतं. ओसरीवर रिकामे डबे ओळीनं होते.

तेव्हा कुठं मला उलगडलं, अकरा डबे म्हणजे अकरा वाटा होत्या. खेडच्या वाटेची माहेरं एकात, मावळाकडची एकात, आळंदीकडची एकात. आणि पाकिटावरचं चित्र म्हणजे त्या गावाच्या वेशीवरची खूण. घंटा म्हणजे देवळाचं गाव, गोल म्हणजे विहिरीचं. लग्नाच्या आल्बमात मी हटकून एक फोटो घ्यायचो, ताटात पसरलेल्या तांदळांत अंगठीनं नवरीचं नवीन नाव लिहितात त्याचा. प्रत्येक रोलमध्ये ते ताट आहे. हिचंही नाव मी असंच बदललेलं. माहेरी गोदा होती, मी तांदळांत सुमन लिहिलं. ती सुमन झाली आणि कधी कुरकुरली नाही. पण या सगळ्या पोरींना मात्र तिनं गुपचूप परत आपापल्या घरी नेऊन ठेवलं होतं. आणि मी त्यांना एकेक करून तिथनं बाहेर काढलं आणि बाह्यांवरून रांगेत उभं केलं.

बाई आणि मी दुपारभर पट्ट्या बघत बसलो. ती एक उजेडाला धरायची, मी एक धरायचो. रडणारे बाप किती तरी निघाले. वाटी लावताना सगळेच रडतात. काळ्या तोंडाच्या, पांढऱ्या मिश्यांच्या त्या माणसांतला तिचा बाप कोणता, हे तिलाही सांगता येईना. दोनदा ती म्हणाली, "ह्यो बगा, ह्योच," आणि दोनदा बघता बघता नाही म्हणाली. शेवटी तिनं पट्टी खाली ठेवली, पिशवी उचलली.

"ऱ्हाऊ द्या, दादा. तुमी तरी काय करणार?" पायरी उतरून परत वळली. "वहिनी व्हत्या तवर माझा बाप कडुसात व्हता. आता कुठं गेला कुणास ठावं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर मी तिथंच बसून राहिलो. मग हळूहळू दुसरी गोष्ट ध्यानात येत गेली. सगळ्या पोरींना त्यांच्या माहेरी ठेवणारी बाई स्वतःला कुठं ठेवेल?

हिचं माहेर डोंगराच्या कडेला. लग्न ठरवायला गेलो तेव्हा त्यांच्या वेशीवर जांभळाची दोन झाडं होती, खालची सगळी वाट जांभळी पडलेली. माझ्या नव्या पांढऱ्या चपला रंगल्या म्हणून मी चरफडलो होतो आणि ती दाराआडून हसली होती. ते हसू मी पहिल्यांदा तिथं ऐकलं. पुढं जन्मभर ती म्हणायची, तुमच्या चाकणला सगळं हाय, जांभूळ न्हाई. पाटीवाली आली की पहिली चव बघून थुंकायची. "ही काय जांभळं हायत? आमच्याकडची खाऊन बघा, जीभ चार दिस निघत न्हाई."

ते पाकीट माझ्या हातात आलं होतं.

मला स्पष्ट आठवतंय. खालच्या बाजूला टाके, वरच्या बाजूला टाके, चारी बाजूंनी शिवलेलं, बारीक टाक्यांनी. फाटलेलं पाकीट कुणी चारी बाजूंनी शिवतं का? पण ते मला तेव्हा सुचलं नाही. वर जांभळ्या पेन्सिलीचे दोन ठिपके. मी अंगठ्यानं दाबून बघितलं. आत पुठ्ठा लागला. असा पुठ्ठा शेकडो पाकिटांत होता. पट्टी काही लागली नाही. टाके उसवायचे तर कात्री पाहिजे, कात्री आत कपाटात, आणि उठायचा कंटाळा आला होता. रिकामंच आहे म्हणालो आणि पोत्यात टाकलं.

काल लेकीचा फोन आला. फ्रेम सांगून ठेवलीय म्हणाली, मोठी, सागवानी. "अण्णा, स्लाइड सापडली का?"

"बघतोय," मी म्हणालो.

"ट्रंकेत बघितलं का खाली?"

"बघतोय गं."

"नीट बघा. आईनं ठेवलंय म्हणजे असणारच जागेवर."

मी फोन ठेवला. तिला काय सांगू? ते पोतं मी एकदाच उलटं केलं नाही, आठवडाभर थोडं थोडं घातलं. त्यातल्या कुठल्या सकाळी ते गेलं, हेही मला माहीत नाही. आता त्या प्रत्येक सकाळी ते गेलं असं वाटतं. हात घालायचा, मूठभर काढायचं, बंबात टाकायचं, काडी लावायची. न्हाणीत खळीचा आणि मेणाचा वास. एका सकाळी जाळाला वेगळाच रंग आला होता, निळसर, बहुतेक फिल्मचा एखादा तुकडा राहून गेला असेल असं म्हणत मी ते बघत उभाही राहिलो होतो. मग घंगाळ भरून घेतलं आणि डोक्यावरनं दोन तांबे जास्तच ओतले.

ती असताना मी न्हाणीतनं बाहेर आलो की रोज विचारायची, पाणी तापलं व्हतं का? एवढ्या वर्षांची सवय. त्या सकाळी मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो आणि रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणालो, "आज झकास तापलं व्हतं बघ."